वरच्याचा अंगठा

अंगठा दुखतो असं बाबांनी एकदाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "हल्ली कप फार जड करायला लागलेत." मग बरण्यांची झाकणं कारखान्यातच उगाच घट्ट बसवतात, असं झालं. मग घराच्या कुलपात गंज शिरला. आईनं त्याच किल्लीनं तेच कुलूप दोन बोटांत फिरवून उघडून दाखवलं, तेव्हा म्हणाले, "तुझ्या धाकानं उघडलं ते."

सगळे हसले आणि त्या हसण्यात गोष्ट बुडून गेली. लेकीच्या डोक्यात मात्र ती तरंगत राहिली. इस्पितळात हाताच्या विभागात ती फिजिओथेरपिस्ट होती. प्लास्टिकचे पत्रे गरम पाण्यात मऊ करायचे, ते दुखऱ्या हाताच्या मापानं वळवून त्यांचे स्प्लिंट करायचे, आणि बरे होत आलेल्या हातांना पुन्हा कामाला लावायचं, हा तिचा रोजचा दिवस. माणसं दुखणं सांगत येत नाहीत, वस्तूंच्या तक्रारी सांगत येतात, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती. पेन निसटतं. बटण हट्टी झालंय. चावी फिरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांसमोर चहा घेऊन बसली आणि त्यांच्या हाताकडं पाहत राहिली. कप त्यांनी कानाला धरून उचललाच नाही. चार बोटांत कवळला आणि तळव्यावर तोलत तोंडाकडं नेला. अंगठा बाजूला उभा होता, नको त्या वेळी आलेल्या पाहुण्यासारखा.

"बाबा, हात बघू."

"भविष्य सांगतेस?"

"द्या इकडे."

"ताई, त्यांना बादलीची गोष्ट विचार," धाकटा आतून ओरडला. "गच्चीचा जिना, साबणाचं पाणी आणि आपले बाबा. मी खालून आवाज ऐकला. मला वाटलं, टाकी फुटली."

"बादली वाचली," बाबा म्हणाले. "एक थेंब सांडला नाही, तेही सांग."

धाकट्याला घरात कुणी नावानं हाक मारत नसे. तो पाल होता. बाबांनीच ते नाव ठेवलं होतं, पहिल्यांदा तो दोरावर उतरला आणि भिंतीला हातपाय पसरून चिकटून राहिला, त्या दिवशी. उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणं हा बापलेकांचा धंदा. वीसेक वर्षं बाबा स्वतः दोरावर लटकले. गुडघे कुरकुरायला लागले तसे ते गच्चीवर थांबू लागले आणि दोरावर मुलगा आला. त्या धंद्यात माणसं दोनच प्रकारची, वरचा आणि खालचा. खालचा काचा धुतो. वरचा त्याला जिवंत ठेवतो.

बादली घेऊन पडताना बाबांनी बादली सोडली नव्हती. हात जमिनीवर टेकला तो मुठीत कडी घेऊनच, आणि शरीराचं सगळं वजन त्या कडीनं अंगठ्यावर घातलं. अंगठा बाहेरच्या बाजूला फाकला. "कट् झालं," बाबा म्हणाले. "पण हललं सगळं नीट. सुजलं, उतरलं. लचक होती."

तिनं त्यांचा डावा अंगठा आधी घेतला. अंगठ्याच्या मुळाचं हाड एका हातानं पक्कं धरलं आणि दुसऱ्या हातानं अंगठा हलकेच बाहेरच्या बाजूला ढकलला. थोडं अंतर गेला आणि थांबला. आतून कुणीतरी दोर ताणून धरला असावा, तसा. मग तिनं उजवा घेतला. तो गेला, आणखी गेला, आणि जातच राहिला. आतून कुणीच धरलं नाही. तिनं स्वतःलाच आवरलं, कारण असा अंगठा जास्त ढकलायचा नसतो, हे ती शिकाऊ मुलींना रोज बजावत असे. सांध्याच्या आतल्या अंगाला, कातडीखाली, वाटाण्याएवढी एक मऊ गाठ तिच्या बोटाला लागली.

आईनं विचारलं, "काय गं?"

"चहा गरम आहे," ती म्हणाली.

*

इस्पितळात हाताच्या सर्जन मोठ्या मॅडमनी एक्स-रे काढले, सोनोग्राफी केली आणि लेकीला वाटलं होतं तेच सांगितलं. हाड शाबूत होतं. तुटली होती ती लिगामेंट, अंगठ्याच्या मुळाशी दोन हाडांना आतल्या बाजूनं बांधून ठेवणारी पट्टी. मॅडम बोलायला फार थोड्या शब्दांच्या, त्यामुळे समजावण्याचं काम लेकीकडं आलं. तिनं बाबांचा शर्टच धरला.

"बाबा, हा शर्ट पँटीत खोचलाय आणि वर पट्टा आहे. बरोबर? तुमची लिगामेंट म्हणजे हा शर्ट. तिच्यावर स्नायूची एक चादर असते, ती म्हणजे हा पट्टा. पडलात तेव्हा शर्टाचं टोक नुसतं सुटलं नाही, ते उसळून पट्ट्याच्या बाहेर आलं." तिनं टोक ओढून बाहेर काढलं. "आता पट्टा मध्ये आहे. ज्या हाडाला हे टोक चिकटायला हवं, ते पलीकडं राहिलं. नुसती फाटली असती तर स्प्लिंट घालून जुळली असती. ही कितीही दिवस थांबलात तरी आपणहून आत जाणार नाही."

"मग खोच की आत."

"त्यालाच ऑपरेशन म्हणतात."

बाबांनी शर्टाचं टोक स्वतः खोचून घेतलं, डाव्या हातानं. "आणि नाही केलं तर?"

उत्तर मॅडमनी दिलं. पहिल्या दोनतीन आठवड्यांत मूळची पट्टी परत जागेवर बसवता येते. नंतर ती आक्रसते, मऊ पडते, टाका धरत नाही. मग दुसरीकडची दोरी आणून बांधावी लागते, आणि तीही टिकली नाही, सांधा झिजला, तर तो कायमचा जखडून टाकावा लागतो.

"लाकडी अंगठा," बाबा म्हणाले.

"जवळजवळ," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

बाबांनी काम संपेपर्यंतची मुदत मागितली. काचेची ती नवी इमारत, तिच्या दोन बाजू राहिल्या होत्या, आणि पुढच्या आठवड्यात तिथं लोक राहायला, बसायला येणार होते. मॅडमनी पुढच्या आठवड्याची तारीख लिहिली आणि म्हणाल्या, "तोवर स्प्लिंट काढायचा नाही. जोर लावायचा नाही. चिमटीत काही धरायचं नाही."

लेकीनं स्प्लिंट स्वतः केला. मनगटापासून अंगठ्याच्या पेरापर्यंत, आत मऊ अस्तर, वर पांढरा वेल्क्रोचा चिकटपट्टा. इतका नेटका स्प्लिंट तिनं कुणासाठी केला नव्हता. बाबांनी हात फिरवून फिरवून पाहिला. "साहेब झालो," म्हणाले. मान तुकवून निघून गेले.

आता हे ज्या गोष्टीपाशी येऊन थांबतं ती सांगायला हवी. गच्चीवर दोर अडकवायला जी कडी असते तिला ही माणसं कुलूप म्हणतात, जरी तिला किल्ली नसते. बोटाएवढ्या जाड पोलादाची लांबट कडी, एका बाजूला आत उघडणारी झडप, आणि झडपेवर आट्यांची नळी. नळी फिरवत वर चढवली की झडप उघडू शकत नाही. अंगठा आणि तर्जनी, एवढ्याच दोन बोटांचं काम. दोर दोन असतात, एक लटकायला आणि दुसरा पहिला दगा देईल तेव्हासाठी. म्हणून कुलपंही दोन.

ती लावायची वरच्यानं. खालच्यानं त्यांना हात लावायचा नाही, हा बाबांचा नियम होता आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या सगळ्यांचा होता. एकदा एक खालचा, भित्रा नव्हे, उलट फार काळजीवाला, लागलेलं कुलूप खात्री करायला पुन्हा उघडून पाहायचा आणि पुन्हा लावायचा. एका सकाळी कुणी हाक मारली आणि उघडून पाहिलेलं त्यानं परत लावलं नाही. तेव्हापासून बाबांकडं खालचा माणूस हात पाठीमागं बांधून उभा राहायचा, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. बाबा दोन्ही कुलपं लावायचे आणि म्हणायचे, "बंद." खालचा म्हणायचा, "बंद." मग कठडा ओलांडायचा. त्यानंतर वळून कुलपाकडं पाहणंही वरच्याचा अपमान धरला जाई.

पालीनं तो अपमान कधी केला नव्हता.

*

तारखेच्या आधी तपासण्यांसाठी बाबा विभागात आले, तेव्हा तिची नजर आधी स्प्लिंटवर गेली. चिकटपट्टा पांढराशुभ्र होता. असे स्प्लिंट तिनं शेकडो पाहिले होते. दोन दिवसांत त्यांच्या कडा काळ्या होतात, पट्ट्याच्या दातांत कपड्याचे धागे अडकतात, अस्तराला घामाचा वास येतो. हा कालच केल्यासारखा होता.

"घालत नाही तुम्ही."

"घरी घालतो. आईला विचार."

"आणि गच्चीवर?"

"गच्चीवर तो खिशात असतो. साबणानं खराब होईल म्हणून. तूच केलायस ना इतक्या कष्टानं."

तिनं टेबलावरून चिमटीचा जोर मोजायचं यंत्र घेतलं. त्याची दोन पाती चिमटीत दाबायची, वर काटा फिरतो. चावी धरतो तसं धरायला सांगितलं. "डोळे मिटा. जितका जोर आहे तितका लावा. पूर्ण लागला की सांगा."

बाबांनी डोळे मिटले. कपाळाची शीर उभी राहिली, खांदा वर आला, ओठ मिटले. अंगठा सांध्यातून बाहेरच्या बाजूला कलला आणि तिथंच अडून राहिला. काटा शून्याच्या जवळ थरथरत होता.

"लागला," बाबा म्हणाले. "पूर्ण."

"पूर्ण?"

"याच्यापुढं जातच नाही. घट्ट बसला बघ."

ती काट्याकडं बघत होती. बाबा डोळे मिटूनच हसले. "काय, यंत्र मोडलं का?"

तिनं यंत्र पालथं ठेवलं. माणसाचा जोर कमी पडतो तेव्हा त्याला तो कमी पडल्याचं कळतं, असं तिनं धरलं होतं. बाबांना ते कळत नव्हतं. अंगठा जिथं लुळा पडायचा, तिथं त्यांना वस्तू घट्ट लागल्यासारखी वाटायची.

"बाबा, डोळे उघडा. गच्चीवर कुलपं कोण लावतं?"

"कोण म्हणजे? मी."

"उजव्या हातानं?"

"नळीचे आटे उजव्या हाताचे आहेत."

"आणि लागलं की नाही ते बघता ना?"

"बघायचं काय त्यात?" बाबांना खरोखर आश्चर्य वाटलं. "नवशिके बघतात. कुलूप लागलं की अंगठ्याला कळतं."

ती म्हणाली, "आजपासून तुम्ही वर जाऊ नका." ते म्हणाले, "बरं." इतक्या लगेच बरं म्हणाले की तिला कळलं, ते जाणार. लहानपणी ती औषध घेताना असंच बरं म्हणायची आणि कुंडीत ओतायची. हे ती त्यांच्याकडूनच शिकली असेल, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी तिनं पालीला फोन केला. तो कुठंतरी रस्त्यावर काही खात होता, तोंड भरलेलं होतं.

"तू खाली उतरण्याआधी कुलपं तपास. स्वतःच्या हातानं."

"बाबांनी लावलेली? ताई, मला घरात ठेवतील का ते? जेवायला तुझ्याकडं यावं लागेल, आणि तुझा स्वयंपाक..."

"मी गंमत करत नाहीये. त्यांच्या अंगठ्यात जोर नाही. त्यांना वाटतं लागलं, पण लागत नाही."

तिकडं चावणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. "तुम्हा इस्पितळातल्या लोकांना सगळीकडं मोडलेलंच दिसतं. गेले इतके दिवस उतरतोय मी. आहे की तुझ्याशी बोलत."

"पाल."

"बरं, बरं. उद्या बघतो गुपचूप."

तोही बरं म्हणाला होता.

*

सकाळी ती विभागात न जाता त्या इमारतीकडं गेली. मजुरांच्या लिफ्टनं शेवटच्या मजल्यापर्यंत आणि पुढं अरुंद लोखंडी जिना. जिन्याला साबणाचा वास होता. गच्चीचं दार एका विटेनं उघडं धरलेलं. बाहेर पाण्याच्या टाक्या, जाड नळ, गुरगुरणारी यंत्रं, आणि त्यांच्यापलीकडं वारा. अशा उंचीवर वारा वाहत नाही, एका जागी उभा राहून ढकलतो.

बाबा कठड्यापाशी पाठमोरे उभे होते. गळ्यात वॉकीटॉकी. उजवा हात रिकामा. दोन्ही दोर कठड्यावरून पलीकडं गेले होते आणि ताणलेले होते. म्हणजे पाल खाली उतरला होता.

"बाबा."

त्यांनी वळून पाहिलं, आणि चोरी सापडलेल्या माणसासारखा त्यांचा हात खिशातल्या स्प्लिंटकडं गेला. "अर्ध्या तासाचं काम राहिलंय," ते म्हणाले. "काचांचा एक पट्टा. तुला आईनं पाठवलं?"

तिला काहीतरी ऐकू येत होतं. यंत्रांच्या गुरगुरीखाली एक बारीक आवाज. टक्. मग काही नाही. मग खालून दोर हलला आणि पुन्हा, टक्.

ती आवाजाच्या दिशेनं गेली आणि वाकली. पहिली कडी कठड्याच्या कोपऱ्यावर आडवी आली होती. नळी खालीच होती. तिच्यावरचे आटे उघडे, धुतल्यासारखे चकचकीत दिसत होते. खाली पाल एका काचेवरून दुसरीकडं सरकला की दोर हले, दोर हलला की कडी लोळे, आणि झडप कोपऱ्याला टेकून आत जाई. टक्. दोर त्या झडपेपासून फार लांब नव्हता.

बाबाही वाकले. क्षणभर त्यांना काय दिसतंय ते त्यांना कळलंच नाही, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मग कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला नाही की काही नाही. फक्त त्याच्यावरचं सगळं निघून गेलं.

"ओरडू नकोस," ते हळू म्हणाले. "दचकेल."

डाव्या हातानं त्यांनी कडी कोपऱ्यापासून उचलून धरली, इंचभर, आणि तशीच धरून ठेवली. कडीवर एका माणसाचा भार होता. डाव्या दंडाच्या शिरा उभ्या राहिल्या. आता झडप टेकत नव्हती, पण तो हात हलवणं शक्य नव्हतं. राहिला उजवा. त्यांनी नळी चिमटीत धरली आणि फिरवली. अंगठा बाहेर कलला. नळी जागची हलली नाही. पुन्हा धरली. पुन्हा अंगठा कलला, आणि ती पाहत होती, त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी, सवयीनं, लागल्याचं समाधान उमटलं. डोळे नळीवर होते म्हणून ते समाधान टिकलं नाही.

"सरका," ती म्हणाली.

"खाली माणूस असताना दुसऱ्यानं कुलपाला..."

"बाबा, सरका."

त्यांनी उजवा हात काढला. तिनं अंगठा आणि तर्जनी नळीला लावली. वाळूचा कण होता आट्यांत, तो करकरला. नळी फिरली, चढली, चढत गेली आणि शेवटी थांबली. ते थांबणं तिला हातात जाणवलं, आतून कुणी धरल्यासारखं.

"दुसरं," बाबा म्हणाले.

ती दुसऱ्याकडं गेली. पहिलं दगा देईल तेव्हासाठीचं. ते सपाट जागी पडलं होतं म्हणून वाजत नव्हतं, एवढाच फरक. त्याची नळी पहिल्याहूनही खाली होती. तेही त्याच अंगठ्यानं लावलेलं होतं.

तिनं ते लावलं.

बाबांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरली. आवाज नेहमीचा ठेवला. "पाल. जमिनीवर उतर. सावकाश. मध्ये थांबू नकोस."

खरखर झाली. "का? अर्धी काच साबणाची आहे!"

"जेवून घे."

"दहा वाजता? बाबा, तुम्हाला भूक लागली तर तुम्ही खा ना!"

"उतर म्हटलं ना."

दोघं दोन कुलपांपाशी बसून राहिली. दोर ताणलेलेच होते, अधूनमधून कापत होते. खालून पालीच्या शिट्टीचे तुकडे वाऱ्याबरोबर येत होते आणि तुटत होते. बराच वेळ गेला. मग आधी एक दोर सैल पडला आणि त्याच्यामागून दुसरा, आणि गच्चीवर दोन मेलेल्या गोष्टींसारखे ते पडून राहिले.

"त्याला मी सांगीन," बाबा म्हणाले. "तू नाही."

"कधी?"

"सांगीन."

*

मॅडमनी तारीख अलीकडं घेतली. ऑपरेशन दंड बधिर करून झालं. बाबा जागे होते आणि पडद्याआडून भूल देणाऱ्या डॉक्टरांना काचा पुसण्याची योग्य पद्धत सांगत होते. लिगामेंटचं टोक जिथं असणार होतं तिथंच निघालं, चादरीच्या बाहेर, गुंडाळी होऊन बसलेलं. चादर उघडून ते आत घेतलं, हाडात एक बारीक खिळा बसवून त्याच्या दोऱ्यानं जागेवर बांधलं, चादर वरून शिवली. मॅडम म्हणाल्या, अजून वेळेत होतं. चार-पाच आठवडे अंगठा हलवायचा नाही. मग आधी नुसतं वाकवणं, मग हलकी चिमूट, आणि खरा जोर तीनेक महिन्यांनी. नीट केलं तर अंगठा पूर्वीसारखा होईल.

दुपारी बाबा वॉर्डात उशांवर हात उंच ठेवून पडले होते. बधिरपणा उतरला नव्हता. ते मधूनच बँडेजकडं पाहत, कुणाचा तरी हात सांभाळायला दिला असावा तसे. आई घरी कपडे आणायला गेली होती. पाल खिडकीच्या रुंद कट्ट्यावर पाय वर घेऊन बसला होता आणि संत्रं सोलत होता. वॉर्ड चौथ्या मजल्यावर होता. खिडकी उघडी होती.

"दहा वाजताचं जेवण," तो ताईला म्हणाला. "अख्ख्या साइटवर झालंय. मला आता जेवणराव म्हणतात."

ती हसली, हसायला हवं म्हणून. चार दिवस ती वाट पाहत होती. चार दिवस बाबा, "आज सांगतो," म्हणत होते, आणि पाल दिवसभर घरीच असल्यामुळं तिनं ते चालू दिलं होतं.

"बरं, एक," पाल फोड तोंडात टाकत म्हणाला, "उद्यापासून मी जातोय. तो एक पट्टा साबण वाळून पांढरा झालाय, मालक रोज फोन करतोय. वर आपल्या हाताखालचा जाड्या उभा राहील. कुलपं आपलीच नेतो. त्याला सगळं शिकवलंय, लावायचं तू, मी हात मागं, बंद म्हणायचं, संपलं."

बाबांनी लेकीकडं पाहिलं. तिनं मान हलवली नाही, डोळेही वळवले नाहीत. ती पेल्यात पाणी ओतत उभी होती. तो भरेपर्यंत ती थांबणार होती. त्यानंतर तीच बोलणार होती.

"पाल," बाबा म्हणाले. "त्या दिवशी तुला खाली उतरवलं ना."

"जेवायला."

"कुलपं लागलेली नव्हती."

पालीनं संत्र्याची बी बोटावर काढली. "कुठली?"

"दोन्ही."

तो हसला आणि ताईकडं वळला, तीही हसेल म्हणून. मग त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. "पण तुम्ही बंद म्हणालात. मी ऐकलं."

"म्हणालो. मला बंदच वाटलं. अंगठ्याला लागलं तसं वाटायचं. लागत नव्हतं."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घोरत होता. कुठंतरी एक गाडा ढकलत नेल्याचा आवाज झाला.

"त्या दिवशी," पाल म्हणाला. "म्हणजे एकच दिवस."

"त्या दिवशीचं मला माहीत आहे. ताईनं पाहिलं म्हणून." बाबांनी कोरडे ओठ ओले केले. "बादली पडली त्या दिवसापासून रोज ह्याच अंगठ्यानं लावली."

पालीच्या डोळ्यांत काहीतरी एकामागून एक चाललं होतं, आणि ती ते जवळजवळ वाचू शकत होती. निळ्या काचांची ती कचेरी. तिच्या कोपऱ्यावर, पाखराचं पीस हवं म्हणून तो एका हातावर लटकला होता तो दिवस. पावसात तो उतरला होता ते. खाली उभ्या पोरींसाठी भिंतीला पाय लावून त्यानं मारलेला झोका.

"ती निळी?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"मी झोका घेतला तेव्हा?"

"मला माहीत नाही रे," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "उद्या कुणीही वर असू दे, हात मागं घेऊ नकोस. माझ्या नियमाला आग लाव. स्वतः बघ, डोळ्यांनी बघ."

पाल सावकाश कट्ट्यावरून उतरला. उतरताना त्यानं खिडकीची चौकट धरली, दोन्ही हातांनी, घट्ट, म्हाताऱ्या माणसासारखी. मग खाटेला वळसा घालून तो आतल्या बाजूला आला आणि दारापाशी भिंतीला टेकून जमिनीवर बसला. पाय पोटाशी घेतले. तिनं पाण्याचा पेला त्याच्यापुढं धरला, तो त्यानं घेतला नाही.

"उद्या जाणार नाही मी," तो म्हणाला.

"बरं," बाबा म्हणाले.

परवाचं कुणी विचारलं नाही. सोललेलं संत्रं खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात पडलं होतं, अर्धं खाल्लेलं. ते आणायला तिघांतलं कुणी उठलं नाही.